सोसायटीतील भटकी मांजरे: नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

मुंबई-ठाण्यातील बहुतेक सोसायट्यांमध्ये मांजरे असतात आणि त्यांना खाऊ घालणारे कोणी ना कोणी असतेच. कोणी जिन्याखाली दुधाची वाटी ठेवते, कोणी रात्री खिडकीतून माशांची डोकी टाकते, कोणी पार्किंगमध्ये गाडीच्या चाकाशी कॅट फूड ओतून जाते. मग एक दिवस फलकावर कमिटीची सूचना लागते आणि ‘खाऊ घालावे की घालू नये’ यावर वाद सुरू होतो. हा वाद वर्षानुवर्षे चालू शकतो आणि तोवर मांजरांची संख्या वाढत राहते. माझे मत असे आहे, की खाण्याची वाटी हे मांजरे मोजण्याचे, ओळखण्याचे आणि वेळ आली की पकडण्याचे साधन आहे. निर्बीजीकरणाची जोड नसेल, तर तीच वाटी पुढच्या पिल्लांची सोय करून ठेवते. त्यामुळे ज्यांना हे काम हाती घ्यायचे आहे, त्यांनी खाण्यापासून नव्हे, मोजणीपासून सुरुवात करावी.

मांजराचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो आणि मादी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. थंड देशांत हिवाळ्यात मांजरांचे प्रजनन थांबते. आपल्याकडे दिवसाची लांबी वर्षभर फारशी बदलत नसल्याने तशी विश्रांती जवळजवळ मिळत नाही. पिल्ले अंगावर पीत असतानाही मादी पुन्हा गाभण राहू शकते. एका वेळी साधारण तीन ते पाच पिल्ले होतात, हे लक्षात घेतले म्हणजे ‘दोनच तर आहेत, बघू पुढच्या वर्षी’ हे म्हणणे किती महागात पडते ते कळते.

१. अन्न वाढवण्याआधी मोजणी करा

एक साधी वही घ्या आणि प्रत्येक मांजराला एक पान द्या. पानावर रंग, अंगावरील खुणा, नर की मादी, साधारण वय, नेहमी दिसण्याची जागा आणि दोन्ही बाजूंनी काढलेली छायाचित्रे असावीत, कारण पट्ट्यांच्या दोन मांजरांमधील फरक बहुधा एकाच बाजूला दिसतो. पहाटे आणि रात्री उशिरा फेरी मारा, कारण माणसाला बुजणारी मांजरे दिवसा मीटर रूम, पंपरूम, डक्ट किंवा गच्चीवरील टाकीखाली दडून असतात. पांढरा, काळा आणि नारंगी असे तिन्ही रंग अंगावर असलेले मांजर जवळजवळ नेहमीच मादी असते, आणि रुंद गालांचे, जाड मानेचे मांजर बहुधा प्रौढ बोका असतो. नर-मादी ओळखायला एवढे पहिल्या दिवशी पुरे.

कानाकडे विशेष लक्ष द्या. निर्बीजीकरण झालेल्या मांजराच्या एका कानाचे, बहुधा डाव्या, टोक सरळ रेषेत कापलेले असते. ही खूण भूल दिलेली असतानाच केली जाते आणि ती लांबून ओळखता यावी हाच तिचा हेतू असतो. मारामारीत फाटलेला कान वेडावाकडा असतो. त्याला निर्बीजीकरणाची खूण समजू नका.

याच वहीत आणखी एक यादी हवी: खाऊ कोण घालतो. ही यादी मांजरांच्या यादीपेक्षा लांब निघाली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. वॉचमन, सफाई कर्मचारी, तळमजल्यावरचे दुकानदार आणि आजूबाजूच्या इमारतींतील लोक यांच्याशीही बोलून घ्या. कोणाचे पाळीव मांजर बाहेर फिरत असेल तर तेही याच टप्प्यावर कळते. मालकाला न विचारता त्याच्या मांजराची शस्त्रक्रिया करून आणल्यास सोसायटीत पुन्हा तोंड दाखवणे कठीण होते.

२. कायदा किती माहीत असावा

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम हा मूळ कायदा आहे. त्याच्या ११व्या कलमानुसार प्राण्याला मारणे, यातना देणे, तसेच उपासमार होईल अशा परिस्थितीत त्याला सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी त्यातील दंड दहा ते पन्नास रुपये इतकाच आहे, त्यामुळे केवळ या कलमाचा धाक कोणाला वाटत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ मात्र गंभीर आहे. प्राण्याला ठार मारणे, विष घालणे किंवा अपंग करणे यासाठी त्यात पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

खाऊ घालण्याबाबत सर्वांत उपयोगी आहे तो प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ यातील २०वा नियम. हे नियम मुख्यतः कुत्र्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत, पण या नियमाची भाषा परिसरातील ‘सामुदायिक प्राण्यांची’ आहे. आवारातील अशा प्राण्यांना खाऊ घालण्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी रहिवासी संघटनेवर किंवा स्थानिक संस्थेच्या प्रतिनिधीवर आहे, आणि ती खाऊ घालणाऱ्या रहिवाशाला सोबत घेऊन पार पाडायची आहे. जागा परस्पर संमतीने ठरवावी, ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, ये-जा करण्याच्या दारांपासून आणि जिन्यापासून दूर असावी, वेळही लहान मुले व ज्येष्ठ नागरिकांची वर्दळ पाहून ठरवावी, आणि खाऊ घालणाऱ्याने तेथे घाण होऊ देऊ नये, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे या नियमाने तुम्हाला हक्क दिला आहे, तशी शिस्तही लावली आहे. सभेत पहिला भाग मोठ्याने वाचून दुसरा गाळणाऱ्यांचे म्हणणे टिकत नाही.

वाद मिटला नाही तर पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस, प्राणिकल्याण संस्था, तक्रारदार आणि रहिवासी संघटना यांच्या प्रतिनिधींची समिती नेमून निर्णय घेण्याची तरतूदही याच नियमात आहे. ती शेवटची पायरी समजावी. शेजाऱ्यांशी पहिल्याच बोलण्यात कायद्याचे कलम काढले की पुढचे सगळे बोलणे वकिली थाटात होते आणि कामासाठी लागणारी माणसे दुरावतात.

२०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावरून झालेल्या वादानंतर सभांमध्ये हमखास एक प्रश्न येतो: कबुतरांना दाणे घालायला बंदी, मग मांजरांना कसे चालते? उत्तर शांतपणे द्यावे. तो विषय कबुतरांच्या विष्ठेमुळे होणाऱ्या श्वसनविकारांचा आहे आणि त्याचा निर्णय वेगळ्या कारणांवर झालेला आहे. आपण मात्र संख्या कमी करण्याची योजना घेऊन आलो आहोत, हे सांगितल्यास प्रश्नकर्ता बहुधा ऐकून घेतो.

३. कमिटीकडे लेखी अर्ज

तोंडी परवानगीवर विसंबू नका. कमिटी बदलते, सेक्रेटरी बदलतात आणि ‘आम्हाला कोणी विचारले नव्हते’ हे वाक्य पुढच्या वर्षी ऐकावे लागते. अर्ज एका पानाचा, मराठीत किंवा सोसायटीत ज्या भाषेत पत्रव्यवहार होतो त्या भाषेत असावा. त्याला पुढील गोष्टी जोडाव्यात:

– मांजरांची सध्याची संख्या आणि त्यांपैकी किती निर्बीज आहेत, हे दाखवणारा तक्ता
– खाऊ घालण्याच्या प्रस्तावित जागांचा हाताने काढलेला नकाशा आणि वेळा
– जबाबदारी घेणाऱ्या दोन-तीन रहिवाशांची नावे, विंग आणि सदनिका क्रमांक
– नियम २० ची छापील प्रत
– खर्च कोण करणार याबद्दल एक स्पष्ट वाक्य

शेवटचा मुद्दा लहान वाटतो, पण बहुतेक सभासदांचा विरोध देखभाल शुल्कातून पैसे जातील या भीतीतून येतो. वर्गणी ऐच्छिक राहील असे लिहून टाकले की अर्धा विरोध मावळतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्क्यासह पोचपावती घ्या, आणि ठराव झाला तर इतिवृत्तात त्याची नोंद झाली आहे का ते पुढच्या सभेत तपासा.

कमिटीने ‘सगळी मांजरे पकडून लांब सोडून या’ असा प्रस्ताव मांडला तर त्याला ठाम नकार द्यावा. अनोळखी जागी सोडलेले मांजर उपाशी मरते, वाहनाखाली येते किंवा तेथील बोक्यांकडून मार खाते. सोसायटीचाही त्यात फायदा नाही, कारण उंदीर, उरलेले अन्न आणि आडोसा तसाच राहिल्याने रिकाम्या झालेल्या जागेत शेजारची, निर्बीजीकरण न झालेली मांजरे येतात. जागेवर टिकून असलेली निर्बीज मांजरे नव्यांना सहसा आत येऊ देत नाहीत. संख्या खाली आणण्यासाठी आपल्याला नेमके हेच हवे असते.

४. जागा आणि वेळ

चांगली जागा शोधण्यात आठवडा गेला तरी चालेल. ती आडोशाची, पावसात न भिजणारी, धुता येण्याजोगी आणि शक्यतो जमिनीपासून उंच असावी. कंपाउंडच्या भिंतीचा रुंद कठडा किंवा पंपरूमच्या मागचा ओटा उत्तम, कारण तेथे कुत्री पोहोचत नाहीत. लिफ्टची लॉबी, जिना आणि गाड्यांमधील जागा टाळाच. मांजर गाडीच्या टपावर बसून जेवणाची वाट पाहू लागले, की कव्हरवरच्या ओरखड्यांची तक्रार तुमच्याच नावाने येणार.

दिवसातून दोनच वेळा, आणि दररोज त्याच वेळी. ठरलेल्या वेळी खाणारी मांजरे त्या वेळेच्या दहा-पंधरा मिनिटे आधी स्वतःहून हजर होतात, त्यामुळे रोजची हजेरी आपोआप लागते आणि एखादे आजारी किंवा गायब असेल तर त्याच दिवशी कळते. अर्ध्या तासाने उरलेले अन्न आणि भांडी उचला. रात्रभर ठेवलेले अन्न उंदीर-घुशी खातात. मुंबईत पावसाळ्यात उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा धोका सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे ‘तुमच्या खाण्याने उंदीर वाढले’ हा आरोप खरा ठरू देऊ नका.

मुंग्यांसाठी जुना उपाय चालतो: पाणी भरलेल्या पसरट थाळीत खाण्याचे भांडे ठेवावे. पिण्याच्या पाण्याचे मातीचे भांडे रोज रिकामे करून घासून भरावे. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूच्या डासांच्या अळ्या वाढतात आणि महापालिकेचे कर्मचारी तपासणीला आले तर त्यांचे बोट थेट त्या भांड्याकडे जाते.

जागा धुताना फिनाईल वापरू नका. ही सूचना सफाई कर्मचाऱ्याला तुम्ही स्वतः, समोर उभे राहून सांगायला हवी. फिनाईल आणि डेटॉलसारख्या जंतुनाशकांतील फिनॉल वर्गातील घटक मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. ओल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटते आणि तेवढ्यानेही विषबाधा होऊ शकते. साबणाचे पाणी पुरेसे असते. साथीच्या काळात पाण्यात मिसळलेले ब्लीच वापरून नंतर जागा स्वच्छ पाण्याने धुवावी.

५. काय आणि किती

दूध देऊ नये, हे पहिले. प्रौढ मांजराला त्यातील शर्करा नीट पचत नाही. जुलाब होतात, आणि ते जुलाब लॉबीत होतात. नुसता दूध-भात किंवा दही-भात घालणाऱ्यांची भावना चांगली असली तरी मांजर मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला प्राणिज अन्नातूनच मिळतो आणि तो दीर्घकाळ कमी पडल्यास दृष्टी व हृदय यांवर परिणाम होतो. याच कारणाने स्वस्त मिळते म्हणून कुत्र्यांचे कोरडे अन्न मांजरांना कायम घालू नये.

कोरडे कॅट फूड घालत असाल तर चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण पन्नास ते साठ ग्रॅम पुरतात. ते महाग वाटल्यास कोंबडीची मान, कलेजी आणि मांसाचे तुकडे मिठाशिवाय, मसाल्याशिवाय उकडून, हाडे काढून, थोड्या भातात कालवून द्यावेत. शिजवलेले हाड चिरफाळते आणि घशात किंवा आतड्यात रुतते. कलेजी रोज मोठ्या प्रमाणात नको. कांदा-लसूण असलेला रस्सा अजिबात नको, कारण त्याने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात. मासळी बाजारातील टाकाऊ मासळीवर अवलंबून असाल तर पावसाळ्यातील मासेमारीबंदीत ती आटते, म्हणून मे महिन्यातच कोरड्या अन्नाचा साठा करून तो घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

६. निर्बीजीकरणाचे केंद्र आणि कागदपत्रे

मुंबईत महानगरपालिका भटक्या मांजरांचेही निर्बीजीकरण करून घेते. चौकशीसाठी १९१६ ही मदतवाहिनी किंवा तुमच्या विभाग कार्यालयाद्वारे पशुवैद्यकीय आरोग्य खात्याशी संपर्क साधता येतो. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय, केवळ मांजरांसाठी काम करणारे द फेलाइन फाउंडेशन, पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट, गोव्यात आसगावची इंटरनॅशनल अ‍ॅनिमल रेस्क्यू अशा संस्था प्राण्यांसाठी काम करतात. मात्र प्रत्येकीची कामाची पद्धत, क्षेत्र आणि प्रतीक्षायादी वेगळी असल्याने आधी फोन करूनच जावे. अन्य शहरांत महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या पशुवैद्यकीय विभागापासून सुरुवात करावी.

फोनवर पाच प्रश्न विचारून उत्तरे वहीत लिहा. शस्त्रक्रियेनंतर मांजर तिथे किती दिवस ठेवतात? त्याच वेळी रेबीजची लस देतात का? कानाची खूण करतात का? आपोआप विरघळणारे टाके घालतात का? पकडायला माणूस येतो की मांजर आपण आणायचे? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर ते केंद्र तुमच्या बुजऱ्या मांजरांसाठी योग्य नाही, कारण टाके काढण्यासाठी तेच मांजर दुसऱ्यांदा पिंजऱ्यात येणार नाही.

सोबत लागते ते असे: तुमचे ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, केंद्राचे संमतिपत्र, मांजराचे छायाचित्र, ते जेथून पकडले त्या जागेची नोंद आणि कमिटीच्या ठरावाची प्रत असल्यास ती. साहित्यात आतल्या पायपट्टीवर मांजराचा पाय पडताच दार पडणारा सापळा-पिंजरा (बरेचदा संस्थेकडून अनामत रकमेवर मिळतो), पिंजरा पूर्ण झाकेल एवढी जाड चादर, वर्तमानपत्रे, जाड हातमोजे, विजेरी, आणि मांजराचे नाव व जागा लिहिलेली चिठ्ठी पिंजऱ्याला बांधण्यासाठी दोरा. रिक्षावाले पिंजरा पाहून नकार देऊ शकतात, तेव्हा वाहनाची सोय आदल्या दिवशीच करून ठेवावी.

७. पकडण्याचा दिवस

पिंजरा आठवडाभर आधी खाण्याच्या जागी आणा, दार उघडे बांधून ठेवा आणि अन्न रोज थोडे थोडे आत सरकवत जा. मांजराला पिंजरा ओळखीचा झाला की अर्धे काम झाले. शस्त्रक्रियेआधी प्रौढ मांजराचे पोट रिकामे लागते, त्यामुळे आदल्या संध्याकाळचे जेवण बंद ठेवावे. त्याने भूकही लागते आणि मांजर आत जाते. आमिष म्हणून जवळा, सुकट किंवा बोंबलाचा तुकडा उत्तम, आणि तो दाराजवळ नव्हे, पायपट्टीच्या पलीकडे ठेवायचा.

येथेच सर्वाधिक फजिती होते. तुम्ही उपाशी ठेवलेल्या मांजराला दुसऱ्या मजल्यावरच्या काकू रात्री अकरा वाजता पापलेटाचे डोके घालतात आणि सकाळी ते पिंजऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पहिल्या टप्प्यात केलेली खाऊ घालणाऱ्यांची यादी आता बाहेर काढा आणि प्रत्येकाला प्रत्यक्ष भेटून ‘आज रात्री काही घालू नका’ असे सांगा. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावरचा संदेश पुरत नाही. तो वाचणारे आणि खाऊ घालणारे वेगळे असतात.

सापळा लावून निघून जाऊ नका. दूर बसून लक्ष ठेवा. दार पडताक्षणी मांजर उसळ्या मारते, म्हणून लगेच चादर टाकावी. अंधार झाला की ते शांत होते. पिंजऱ्यात हात घालू नये आणि मांजर एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात हलवण्याचा प्रयत्न घरी करू नये. मादी पकडली गेली तर तिच्या स्तनांभोवतीचे केस ओले, चोळामोळा झालेले आहेत का ते जाळीतून पाहा. तसे असतील तर तिची लहान पिल्ले जवळपास असण्याची दाट शक्यता आहे. ती अगदी लहान असतील तर तिला त्या दिवशी सोडावे आणि पिल्ले स्वतः खाऊ लागली की पुन्हा पकडावे.

क्रम लावायचाच असेल तर आधी माद्या. एक बोका सुटला तरी तो सर्व माद्यांना पुरतो, त्यामुळे बोक्यांपासून सुरुवात केल्याने संख्येवर लवकर परिणाम दिसत नाही. अपवाद एकच: सर्व तक्रारी एखाद्या लघवी फवारणाऱ्या, रात्री भांडणाऱ्या बोक्याबद्दलच असतील तर त्याला आधी न्यावे, म्हणजे शेजाऱ्यांना फरक जाणवतो आणि पुढील कामाला सहकार्य मिळते. हा फरक दिसायला शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जातात, हे मात्र त्यांना आधीच सांगून ठेवा.

मुसळधार पावसाचे दिवस आणि दिवाळीचा आठवडा टाळा. फटाक्यांच्या काळात मांजरे जागा सोडून पळतात, आणि त्या दिवसांत नुकतेच सोडलेले मांजर परत सापडत नाही.

८. शस्त्रक्रियेनंतर

बोका साधारण एक-दोन दिवसांत, मादी तीन ते पाच दिवसांत सोडता येते. अंतिम शब्द पशुवैद्यांचा. जेथून पकडले तेथेच सोडायचे, पलीकडच्या विंगमध्येही नाही. पिंजऱ्याचे दार भिंतीच्या किंवा झाडीच्या दिशेने ठेवून उघडावे, रस्त्याच्या दिशेने कधीच नाही. सोडलेले मांजर दोन-तीन दिवस रुसल्यासारखे लांब राहते. वेळेवर अन्न ठेवत राहिले की परत येते. जखमेला सूज, पू किंवा उघडलेला टाका दिसला, किंवा मांजर दोन जेवणांना आले नाही, तर केंद्राला कळवावे. घरात उरलेली पॅरासिटामोलची गोळी वेदनेसाठी देऊ नये. माणसासाठी साधी असलेली ही गोळी मांजराला ठार मारू शकते.

९. पिल्ले सापडली तर

एकटी दिसणारी पिल्ले बहुधा अनाथ नसतात. आई अन्नाच्या शोधात गेलेली असते आणि तुम्ही जवळ उभे आहात तोवर ती येणार नाही. काही तास दुरून पाहावे. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आपल्याकडे म्हणतात, आणि ते फिरवणे सर्वाधिक होते ते माणसांनी वारंवार डोकावल्यामुळे. एकदा तिने जागा बदलली की पिल्ले पुन्हा सापडायला महिना जातो आणि तेव्हा ती फिस्कारणारी, हाती न लागणारी झालेली असतात.

माणसाची सवय लागण्याचा काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंतचा असतो. ज्यांना घरे मिळवून द्यायची आहेत, ती पिल्ले आठ आठवड्यांची झाल्यावर, याच काळातील हाताळणीनंतर द्यावीत आणि घेणाऱ्याकडून निर्बीजीकरणाची लेखी हमी घ्यावी. आई खरोखरच मेली असेल तर प्रथम ऊब, मग अन्न, हा क्रम पाळा. थंड पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. गाईचे दूध न देता मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची भुकटी वापरावी आणि पिल्लाला पालथे धरून पाजावे, उताणे नाही.

१०. तक्रारी येतील

तक्रार करणारा प्रत्येक जण मांजरांचा वैरी नसतो. कुंडीत विष्ठा सापडणे, रात्रीचे ओरडणे आणि जिन्यातील वास या खऱ्या अडचणी आहेत आणि त्यांना उपाय आहेत. कोपऱ्यात कोरड्या वाळूचा वाफा करून तो रोज साफ केला, तर मांजरे कुंड्यांपेक्षा तो पसंत करतात. कुंडीतील मातीवर खडबडीत दगड किंवा जाळी ठेवली की तेथे उकरता येत नाही. वाळू साफ करताना हातमोजे घालावेत आणि गरोदर स्त्रियांनी हे काम करू नये, कारण टॉक्सोप्लाझ्मा या गर्भाला घातक ठरू शकणाऱ्या परजीवीचा संसर्ग विष्ठेतून होतो. पावसाळ्यात मांजरे गाडीच्या इंजिनाजवळ बसतात, तेव्हा गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा मारण्याची सूचना पार्किंगमध्ये लावून घ्यावी.

तक्रार आल्यावर वहीत तारीख, मुद्दा आणि काय केले ते लिहा. सहा महिन्यांनी हीच वही सभेत ठेवली की आकडे स्वतःच बोलतात आणि तुम्हाला आवाज चढवावा लागत नाही.

११. चावा, बोचकारे आणि विष

मांजर चावले किंवा रक्त येईल असे बोचकारले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. हळद, चुना, तिखट असले काही लावू नका. रेबीजची लस सरकारी व महापालिका रुग्णालयांत मोफत मिळते. किती मात्रा लागतील आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) हवे का, हे डॉक्टर जखम पाहून ठरवतात. ‘मांजराने काही होत नाही’ हा समज जिवावर बेतू शकतो. नियमितपणे मांजरे पकडणार असाल तर आधीच घेण्याच्या लशीबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या.

सोसायटीत उंदीर मारण्याचे औषध टाकले जाणार असेल तर तारीख आधी कळवावी, अशी विनंती कमिटीला अर्जातच करून ठेवा. विष खाल्लेला उंदीर खाऊनही मांजर मरते. अचानक लाळ गळणे, झटके येणे, रक्तस्राव होणे, किंवा एकाच दिवशी दोन-तीन मांजरे मरणे ही विषबाधेची लक्षणे समजून जिवंत प्राणी तत्काळ पशुवैद्यांकडे न्या, उरलेले अन्न पिशवीत बंद करून ठेवा आणि जागेची छायाचित्रे घ्या. जाणूनबुजून विष घातल्याचा संशय असल्यास पोलीस ठाण्यात कलम ३२५ चा उल्लेख करून लेखी तक्रार द्या आणि मृत प्राण्याचे शवविच्छेदन करण्याची मागणी करा. मृतदेह पुरून टाकल्यावर हातात काहीच उरत नाही.

१२. तुम्ही नसताना

तुम्ही गावी गेलात, आजारी पडलात किंवा घर बदलले तर काय, हे पहिल्याच महिन्यात ठरवा. किमान दोन बदली माणसे हवीत, आणि त्यांना वेळ, प्रमाण, भांडी ठेवण्याची जागा, केंद्राचा क्रमांक आणि वही कोठे आहे हे माहीत हवे. वर्गणीचा हिशेब पावत्यांसह दर तिमाहीला समूहावर टाकावा. वर्षातून एकदा पूर्ण मोजणी पुन्हा करावी, आणि ज्याचा कान कापलेला नाही असे नवे मांजर दिसताच त्याचे पान उघडून पिंजऱ्याची नोंदणी करावी.